तिसरा हात

रेन्वारचं ‘द अम्ब्रेलाज’ मी पहिल्यांदा मोबाइलवर पाहिलं आणि मनात आलं, बिचारी! पॅरिसचा गजबजलेला रस्ता, जिकडेतिकडे निळ्याकरड्या छत्र्या आणि डावीकडे अगदी पुढे एक तरुणी. छत्री नाही, डोक्यावर हॅटही नाही. ती थेट आपल्याकडे बघतेय. तिच्या मागे छत्री घेतलेला एक पुरुष. मी लगेच गोष्ट रचली: गरीब मुलगी, पाऊस, मदतीला आलेला सभ्य गृहस्थ.

लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहातलं हे चित्र रेन्वारने दोन टप्प्यांत रंगवलं. साधारण १८८१ मध्ये सुरुवात केली आणि १८८५-८६ च्या सुमारास ते पुन्हा हाती घेतलं. मधल्या काळात तो इटलीला जाऊन आला, तिथल्या जुन्या चित्रकारांचं काम पाहिलं आणि त्याची रेषा बदलली. म्हणून उजवीकडची आई आणि मुली मऊ, पिसासारख्या फटकाऱ्यांत आहेत. डावीकडची तरुणी मात्र ठाशीव कडांची. तिच्या कपड्यांची फॅशनही काही वर्षं पुढची आहे. एकाच फाइलमध्ये दोन व्हर्जन!

खरा धक्का क्ष-किरण तपासणीने दिला. आधी याच तरुणीच्या डोक्यावर हॅट होती, पोशाखाला झालरी होत्या, गळ्याला आणि मनगटांना पांढरी लेस होती. म्हणजे ती खात्यापित्या घरची होती. त्या काळी पॅरिसमध्ये प्रतिष्ठित घरातली बाई हॅटशिवाय रस्त्यावर येत नसे. रेन्वारने हॅट आणि लेस रंगाखाली झाकली, साधा गडद पोशाख दिला आणि ती कामकरी झाली.

हॅट राहिली असती, तर मागचा पुरुष मला तिचा नवरा वाटला असता. हॅट गेल्यावर तोच माणूस उपकारकर्ता झाला. जरा संशयाने पाहिलं, तर पाठलाग करणाराही.

मग मी झूम करून तिचे हात पाहिले. एका हाताने तिने स्कर्ट चिखलातून वर धरलाय, दुसऱ्या हातावर टोपली आहे. ती कामावर निघालीय. छत्री धरायला तिसरा हात कुठून आणायचा? चेहऱ्यावर मला तरी याचना दिसत नाही.

गर्दीत मी माणसं अशीच वाचतो: आधी कपडे, मग गोष्ट. तिच्या हातांपर्यंत पोहोचायला मला दोन दिवस लागले.