लाकडाचं बिस्किट

तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे सुमारे ३३०० वर्षांपूर्वी एक जहाज बुडालं. त्याच्या देवदाराच्या फळ्या कडेला कड भिडवून जोडलेल्या होत्या. दोन्ही कडांना समोरासमोर खाचा, त्यात ओकची सुटी पट्टी आणि ती निसटू नये म्हणून आरपार खुंट्या. प्रत्येक खाच हाताने कोरलेली. एका जहाजात अशा किती खाचा असतील, याचा विचार करूनच मनगट दुखतं.

या सगळ्या कामात एक गोष्ट गृहीत होती: लाकडाला तंतू असतात.

विसाव्या शतकात चिपबोर्ड आला. लाकडाच्या चिपा रेझिनमध्ये दाबून केलेला हा तक्ता स्वस्त आणि सपाट, पण त्यात सलग तंतूच नाहीत. कड कोरायला जावं तर तुकडे पडतात. स्वित्झर्लंडमधल्या लिस्टालचा सुतार हर्मन स्टायनर याने १९५० च्या दशकाच्या मध्यावर यावर उपाय शोधला. छोट्या गोल करवतीने कडेत उथळ खाच घ्यायची आणि तिच्यात बीच लाकडाची दाबून केलेली चपटी, लंबगोल चकती बसवायची. आकार लंबगोल का? कारण गोल पातं आत घुसलं की कमानीसारखीच खाच पडते. पात्याला जे सहज जमतं, तोच आकार चकतीला दिला. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

चकतीचे तंतू तिरके ठेवलेले असतात, म्हणजे ती सांध्याच्या रेषेत चिरत नाही. पाणी असलेला गोंद लागला की दाबलेलं लाकूड फुगतं आणि खाचेत घट्ट बसतं. खाच सुमारे ४ मिलिमीटर रुंद, पण लांबीला चकतीपेक्षा थोडी जास्त. त्यामुळे फळी लांबीच्या दिशेने किंचित सरकवता येते, वर-खाली मात्र हलत नाही. चूक जिथे चालते तिथे मोकळीक, जिथे चालत नाही तिथे नाही. सुरुवातीचं यंत्र एका जागी बसवलेलं होतं. साठचं दशक सरता सरता स्टायनरच्या लामेलो कंपनीने हातात धरायचं यंत्र काढलं आणि तक्ता यंत्राकडे नेण्याऐवजी यंत्र तक्त्याकडे जाऊ लागलं.

या बिस्किटाने जोड मजबूत होतो, असं सर्रास सांगितलं जातं. चिपबोर्डच्या कोपऱ्यात ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण अस्सल लाकडाच्या दोन फळ्या कडेला कड जोडताना, रंध्याने कडा नीट सरळ केल्या असतील, तर आजचा चांगला गोंद एकटा पुरतो. जोर दिला तर बहुतेकदा सांध्याशेजारचं लाकूडच आधी तुटतं. इथे बिस्किटाचं काम वेगळं आहे: शिकंजा आवळताना ओल्या गोंदावर फळ्या घसरू न देणं. उलुबुरुनच्या सुताराकडे असा गोंदच नव्हता. त्याच्या पट्ट्यांना समुद्राचा ताण झेलायचा होता.

फुगण्याचा एक तोटाही आहे. गोंदातलं पाणी सुकायच्या आत पृष्ठभाग घासून सपाट केला, तर नंतर लाकूड आक्रसतं आणि टेबलावर, नेमके बिस्किटांच्या जागी, लंबगोल खळगे दिसू लागतात.