लबानोनचा गंधसरू

पाचवीच्या वर्गात एकदा मी उंच झाडाची आणि लवचिक वेताची ती जुनी गोष्ट सांगत होतो. वादळ आले, ताठ उभे राहिलेले झाड उन्मळून पडले, वाकलेला वेत वाचला. तात्पर्य, गर्व करू नये. गोष्ट संपली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "पण गुरुजी, झाड उंच वाढलं यात त्याचा काय अपराध?" तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी यहुदी संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचत असताना, त्या मुलाचा प्रश्न जणू आधीच ऐकलेला एक माणूस मला भेटला. त्याचे नाव यहेज्केल. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले आणि यहूदाचा तरुण राजा, सरदार, कारागीर, याजक अशा हजारो माणसांना उचलून आपल्या मुलखात नेले. त्यांत हाही एक याजक होता. खबार नावाच्या कालव्याकाठी या निर्वासितांची वस्ती होती. डोळे मात्र सगळ्यांचे लागलेले असत ते मागे राहिलेल्या यरुशलेमकडे.

तिथे गादीवर बसवलेल्या सिद्कीया राजाने मिसरच्या भरवशावर बाबेलविरुद्ध बंड केले. बाबेलच्या फौजेने शहराला वेढा घातला. फारोची फौज मदतीला निघाली, तसा काही काळ वेढा उठलाही. पण मिसरी फौज माघारी फिरली आणि वेढा पुन्हा आवळला गेला. अशा दिवसांत, आपल्या गणतीने इ. स. पूर्व ५८७ च्या जून महिन्यात, यहेज्केलाने फारोला उद्देशून एक रूपक सांगितले. फारो शेकडो कोस दूर. त्याच्या कानी ते गेले असेल असे वाटत नाही. ऐकणारे होते ते कालव्याकाठचे लोक, ज्यांचे आईबाप आणि लेकरे त्या वेढ्यात अडकली होती आणि जे अजून मिसरच्या सावलीची वाट पाहत होते.

रूपक एका झाडाचे आहे. लबानोन पर्वतावरचा हा वृक्ष. मराठी बायबलाने त्याला 'गंधसरू' असे सुरेख नाव दिले आहे. पृथ्वीच्या पोटातल्या अथांग जलाने त्याला पोसले, त्याच्या मुळांभोवती ओढे वाहते ठेवले. तो इतका वाढला की शेंडा ढगांत गेला. फांद्यांवर पाखरांनी घरटी केली, फांद्यांखाली रानातली जनावरे व्याली, मोठमोठी राष्ट्रे त्याच्या सावलीला वसली. देवाच्या बागेतल्या झाडांनाही त्याचा हेवा वाटावा असे ते रूप. आणि मग त्या उंचीने त्याचे मन चढले. परक्यांनी येऊन तो तोडला; फांद्या डोंगरदऱ्यांत विखुरल्या, सावलीतले लोक उठून गेले, पाखरे आडव्या खोडावर येऊन बसली.

हा वृक्ष म्हणजे अश्शूरचे साम्राज्य, असे आज मिळणारा हिब्रू पाठ सांगतो. काही पंडितांच्या मते तिथे मूळचे एक अक्षर गळाले असावे. 'अश्शूर' नव्हे, तर त्या शब्दाशी जुळणारे एका झाडाचे नाव तिथे असावे, म्हणजे तो वृक्ष फारो स्वतःच. मला रूढ पाठच अधिक भिडतो. अश्शूरची राजधानी निनवे इ. स. पूर्व ६१२ मध्ये बाबेलकर आणि मेदी यांनी धुळीला मिळवली होती. श्रोत्यांतल्या म्हाताऱ्यांना तो काळ आठवत असणार. त्यांना एवढेच सांगायचे होते की, ते झाड पडले. मग हे किती दिवस उभे राहील?

आणि गंधसरूच का? कारण त्या काळच्या राजांना या झाडाचे वेड होते. नाईलच्या काठी काय किंवा बाबेलच्या सपाटीवर काय, लांब सरळ तुळई देईल असे झाड नव्हते. इजिप्तच्या थोरल्या पिरॅमिडशेजारी १९५४ मध्ये सापडलेली, सुमारे १४२ फूट लांबीची राजनौका मुख्यतः याच लाकडाची आहे. लबानोनवर चढून गंधसरू तोडल्याची फुशारकी अश्शूरच्या राजांनी शिलालेखांत मारली. नबुखद्नेस्सरानेही लबानोनच्या वादी ब्रिसा या दरीत तसाच लेख कोरून ठेवला. म्हणजे ज्यांना संदेष्टे झाड म्हणतात, तेच राजे कुऱ्हाड घेऊन फिरत होते!

यहेज्केलाच्या शंभरावर वर्षे आधी होऊन गेलेल्या यशयाने ही खोच नेमकी पकडली होती. त्याने अश्शूरला कुऱ्हाडच म्हटले, आणि तोडणाऱ्या हातासमोर कुऱ्हाडीने फुगावे काय, असे विचारले. त्याच्या ग्रंथात एके ठिकाणी तर बाबेलचा राजा मेल्यावर लबानोनची झाडे आनंदतात, की आता आमच्यावर चालून येणारा कुणी उरला नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. यहेज्केल झाडाच्या उंचीला अपराध म्हणत नाही. ते सौंदर्य मीच दिले, असे देवच तिथे म्हणतो. झाड वाढले ते खालच्या पाण्यावर, आणि ते पाणी त्याने खणून आणलेले नव्हते. शेंडा ढगांत गेला तेव्हा मुळांचा विसर पडला, हा त्याचा दोष. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. झाड पडते तेव्हा तोडवणारा देव हसत नाही. तो त्या अथांग जलाला शोक करायला लावतो, नद्या थांबवतो, लबानोनला काळोखाचे वस्त्र नेसवतो. सावलीत पाखरे होती, पिले होती. पडझडीत तीही उघडी पडली. गर्विष्ठाच्या पतनाची किंमत नेहमी निराश्रितांनाही मोजावी लागते, हे त्या कालव्याकाठी बसलेल्या माणसाला ठाऊक होते.

पुढे झाले तसेच. यरुशलेम पडले, मंदिर जळले. त्या फारोला, हफ्राला, इ. स. पूर्व ५७० मध्ये त्याच्याच एका सेनापतीने गादीवरून खाली ओढले.

मग उरले काय? यशयाच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी लबानोनचे रान कोसळते आणि अकराव्याच्या आरंभी इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या बापाच्या, बुंध्याला धुमारा फुटतो. अध्यायांची ही विभागणी तेराव्या शतकातली. मधली रेघ पुसून वाचले की अर्थ उजळतो. तोडलेला गंधसरू बुंध्यापासून सहसा पुन्हा फुटत नाही. साम्राज्य गेले ते गेले. लहानशा घराण्याचे खोड मात्र जिवंत राहिले.

यहेज्केल तर आणखी पुढे जातो. आपल्या सतराव्या अध्यायात तो सांगतो की, देव गंधसरूच्या शेंड्याची एक कोवळी डहाळी खुडून इस्राएलच्या उंच डोंगरावर लावील. तिचा मोठा वृक्ष होईल आणि त्याच्या सावलीत तऱ्हेतऱ्हेची पाखरे राहतील. शेवटी हवे आहे ते पुन्हा उंच झाडच! पाखरांना सावली लागते, आणि वेताला सावली नसते.

तो मुलगा आता कुठे असेल कोण जाणे. भेटला तर सांगेन, "बाळ, उंच वाढण्यात काहीच अपराध नाही. खूप वाढ. फक्त पाणी कुठून येतं ते विसरू नकोस, आणि फांदीवर कोण बसलं आहे ते अधूनमधून पाहत जा."