काळा रंग वापरायचा नाही

आमच्या शाळेत निसर्गचित्र म्हणजे दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, खाली वळणं घेत येणारी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. वर्गातल्या कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. नारळ पाहिला होता तो फक्त देवळात, फोडताना. वर्धा जिल्ह्यात आष्टी-कारंजाकडे टेकड्या आहेत, पण त्या अशा टोकदार नाहीत, आणि आमच्या गावातून तर दिसायच्याही नाहीत. आमच्याकडे होतं ते नजर पोचेल तिथपर्यंत सपाट वावर.

एलिमेंटरीच्या सरावाला एकदा मी तेच काढलं. पाऊस पडायच्या आधीचं, वखरलेलं वावर. अर्धा कागद काळा, मधून एक धुरा, धुऱ्यावर बाभूळ आणि वर पांढुरकं आकाश. सर म्हणाले, "निसर्गचित्रात काळा रंग वापरायचा नाही. चित्र मरतं." तसं त्यांचं चुकलं नव्हतं. जलरंगात ट्यूबमधला काळा सरळ लावला की चित्र मळकं दिसतं, म्हणून निळ्यात तपकिरी मिसळून गडद छटा करायला शिकवतात. पण मी त्यातून घेतलं ते वेगळंच. मला वाटलं, आपलं वावर चित्रात येण्यासारखं नाही. पुढच्या वेळी गुपचूप दोन डोंगर काढले आणि बरे गुण मिळाले.

हे सगळं आठवायचं कारण सय्यद हैदर रझा.

रझांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील जंगल खात्यात होते. आज मंडला मध्य प्रदेशात आहे, पण तेव्हा मंडला, वर्धा, अमरावती हे सगळे 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या एकाच प्रांतातले जिल्हे होते आणि नागपूर राजधानी. १९३९ ते १९४३ रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि मग मुंबईला जे. जे. मध्ये गेले. त्याच नागपूरच्या शाळेत पुढे शिकलेले दुसरे चित्रकार म्हणजे हरी अंबादास गाडे. गाडे १९१७ साली जन्मले ते तळेगाव दशासरला. शंकरपटाचं तळेगाव ते हेच. पुलगावहून वर्धा नदीचा पूल ओलांडला की धामणगाव, आणि तिथून जवळच हे गाव. म्हणजे आमच्या नदीच्या पलीकडचा माणूस! शिक्षण विज्ञानाचं आणि पेशा शिक्षकाचा. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. सूझा, हुसेन, आरा, बाकरे यांच्या जोडीला रझा आणि गाडे हे दोघं होते. सहा जणांच्या त्या गटात दोघे नागपूरच्या शाळेचे, आणि दोघांचाही ओढा निसर्गचित्राकडे. हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही.

रझांची मुंबईतली सुरुवातीची जलरंगातली चित्रं रस्त्यांची, पावसाची, उजेडाची. बघायला फार छान. १९४८ साली ते काश्मीरमध्ये चित्रं काढत असताना आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार भेटला. चित्रं पाहून त्याने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की हात चांगला आहे, पण चित्रात बांधणी नाही, सेझान बघा. एखाद्याने ते मनाला लावून घेतलं असतं. रझांनी फ्रेंच शिकायला घेतलं, शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० मध्ये ते पॅरिसला गेले.

आता बांधणी म्हणजे काय, हे त्यांच्या १९५१ च्या 'ओ द कान्य' या चित्रात कळतं. दक्षिण फ्रान्समधलं टेकडीवरचं जुनं गाव. घरं एकमेकांना खेटून, ठोकळ्यांवर ठोकळे रचल्यासारखी. माणूस नाही, झाडाची सावली नाही, कोणत्या वेळचा उजेड आहे तेही सांगता येत नाही. मुंबईच्या चित्रांत उजेड सगळं जोडून ठेवायचा. इथे ते काम रंगाच्या तुकड्यांना करावं लागतं. एक तुकडा काढला तर शेजारचा पडेल, असं वाटतं. सेझानचा धडा हाच होता. समोर जे दिसतंय त्यावर रंग भरायचा नाही, तर रंगांनीच चित्र उभं करायचं. आणि या काळातल्या रझांच्या चित्रांत कधी आकाश काळं, तर कधी चक्क सूर्यच काळा!

गाडे त्याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने गेले. त्यांची निसर्गचित्रं पाहिली तर घर, झाड, घाट ओळखू येतात, पण जेमतेम. सुरीने लावलेल्या जाड रंगाचे पट्टे एकमेकांना अडवतात आणि त्यातून चित्र बांधलं जातं. चित्रात 'बघण्यासारखं' ठिकाण असलंच पाहिजे, ही अट दोघांनीही सोडून दिली. रंगांचं आपापसांतलं नातं पक्कं असलं की झालं.

रझा पुढे फ्रान्समध्येच राहिले. घरं हळूहळू विरघळली आणि सत्तरच्या दशकात 'ला तेर' नावाची चित्रं आली. ला तेर म्हणजे भूमी. त्यात खोल काळा आणि त्यातून विस्तवासारखा वर येणारा लाल, केशरी. ही मंडल्याच्या जंगलातल्या रात्रींची आठवण, असं ते सांगत. काळ्याला ते सगळ्या रंगांची आई मानत. हे वाचलं तेव्हा मी क्षणभर थांबलो. आमच्याकडे शेतकरी जमिनीला 'काळी आई'च म्हणतो. त्यासाठी त्याला पॅरिसला जावं लागत नाही... पण चित्रात ते आणायला बहुधा जावं लागतं.

मागे शेतावर गेलो होतो तेव्हा हे डोक्यात होतं. कपाशीच्या तासांमध्ये तुरीची ओळ, पलीकडे जवसाचा निळा तुकडा, दोन्हींच्या मधून धुरा. इतकी वर्षं मी धुऱ्याकडे फक्त भांडणाचं कारण म्हणून बघत आलो. पण ती रेघ काढून टाकली तर सगळं वावर एकमेकांत सांडेल. आणि त्या सगळ्या रंगांच्या खाली, भेगांमधून, काळा दिसत होता. तो नसता तर जवस इतका निळा दिसला नसता.

रझा २०१६ साली दिल्लीत गेले. दफन मंडल्यात झालं, वडिलांच्या कबरीशेजारी. म्हणजे शेवटी ते आपल्या मातीतच परतले.

माझी मुलगी सध्या एलिमेंटरीची तयारी करतेय. परवा तिने दोन डोंगर आणि मधला सूर्य काढून दाखवला. मी छान म्हणालो. मग विचारलं, "आजोबांचं वावर काढशील?" ती म्हणाली, "त्यात काढायचं काय?" काय उत्तर द्यावं ते सुचेना. पेटीतला काळा रंग तेवढा उघडून तिच्यासमोर ठेवला.