वरळीतील दोन रात्री : यू मुंबाची सलामी आणि व्यावसायिक कबड्डीचा उदय

१/
२६ जुलै २०१४. मुंबईत वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल बंदिस्त क्रीडागृहात प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. यजमान यू मुंबाने जयपूर पिंक पँथर्सचा ४५-३१ असा पराभव केला. छत्तीस दिवसांनी, ३१ ऑगस्टला, त्याच क्रीडागृहात तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर उभे राहिले. या वेळी जयपूर ३५-२४ असे जिंकले आणि पहिला करंडक घेऊन गेले.
या दोन रात्रींची, त्यांच्या आधीच्या नऊ दशकांची आणि नंतरच्या एका दशकाची ही हकिगत.

२/
त्या सलामीचे आश्चर्य दुहेरी होते. एक, नव्याने बांधलेला संघ पहिल्याच सामन्यात चौदा गुणांनी जिंकला. दुसरे आश्चर्य खुद्द खेळाचे. २०१४ मध्ये भारतात व्यावसायिक खेळ म्हणजे क्रिकेट, हे समीकरण पक्के होते. शाळेच्या पटांगणात आणि गावच्या जत्रेत रंगणारी कबड्डी दूरचित्रवाणीवर रोज रात्री लोक पाहतील, यावर फारच थोड्यांचा विश्वास होता.

३/
मात्र हा खेळ वरळीत उपरा नव्हता. महाराष्ट्रात हुतूतू, दक्षिणेत चेडुगुडू, बंगालमध्ये हाडुडू अशा नावांनी तो देशभर खेळला जाई. प्रत्येक प्रांताचे नियम निराळे होते. त्यांना एका चौकटीत बसवण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी मुलखात सुरू झाले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम प्रसिद्ध करून स्पर्धा भरवल्या. गायकवाडांच्या राजधानीतली ही घटना आधुनिक कबड्डीच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानली जाते.

४/
पुढचा टप्पा विदर्भाने गाठला. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. त्यांत कबड्डीही होती. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत या खेळाला स्थान मिळाले. मैदानी करमणूक म्हणून पाहिल्या जाणाऱ्या खेळाला आता पंच, गुणफलक आणि प्रमाणित मैदान लाभले.

५/
स्वातंत्र्यानंतर या खेळाची संघटना उभी करणाऱ्यांत शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचे नाव अग्रभागी येते. त्यांची जयंती, १५ जुलै, महाराष्ट्रात ‘कबड्डी दिन’ म्हणून पाळली जाते. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीचा पदकाच्या खेळांत समावेश झाला आणि भारताने सुवर्ण जिंकले. त्या संघात मुंबईचे अशोक शिंदे होते. पुढे त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि लीगच्या काळात ते पुणेरी पलटणचे प्रशिक्षकही झाले.

६/
खेळाडूचे पोट मात्र पदकावर भरत नव्हते. लालबाग-परळच्या गिरणगावातील मंडळे तांबड्या मातीवर खेळाडू घडवत. त्यांतले निवडक बँका, रेल्वे, पोलीस, बंदर आणि तेल कंपन्यांच्या संघांत जात. ‘खेळलास तर नोकरी लागेल’ हेच कबड्डीचे अर्थशास्त्र होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले. मंडळांचे मैदान मात्र सुटले नाही. वरळीचे क्रीडागृह या गिरणगावापासून अगदी हाकेच्या अंतरावर आहे.

७/
दरम्यान खेळाची भूमी बदलली. आंतरराष्ट्रीय स्पर्धा मातीऐवजी मॅटवर होऊ लागल्या. मातीत अनवाणी पायाची पकड वेगळी आणि मॅटवर बुटांची वेगळी. वळणे, उड्या आणि पकडींचा वेग सारेच पालटले. सत्तेचा केंद्रबिंदूही सरकला. हरियाणाची गावे, रेल्वे आणि सेनादल यांतून नवे दिग्गज पुढे आले. नियम घडवण्यात ज्याचा मोठा वाटा, तो महाराष्ट्र राष्ट्रीय संघात पूर्वीसारखा ठळकपणे दिसेनासा झाला.

८/
२००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतील कबड्डीला मिळालेला प्रतिसाद पाहून समालोचक चारू शर्मा यांच्या मनात लीगची कल्पना रुजली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांच्या साथीने ती मशाल स्पोर्ट्सच्या रूपाने उभी राहिली. मे २०१४ मध्ये लिलाव झाला. पाटणा पायरेट्सने राकेश कुमारला १२ लाख ८० हजार रुपयांना घेतले आणि तोच सर्वांत महागडा खेळाडू ठरला. आठ संघांपैकी मुंबई आणि पुणे हे दोन महाराष्ट्राचे होते.

९/
यू मुंबाचा कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा. तोल न ढळू देणारा, बोनस रेषेवर हक्क सांगणारा चढाईपटू. बचावात मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा ही कोपऱ्यांवरची जोडी उत्तरेची, तर जीवा कुमार तामिळनाडूचा. विशाल माने आणि रिशांक देवाडिगा हे मुंबईच्या मैदानांवर वाढलेले. संघ मुंबईचा, पण त्याची वीण साऱ्या देशाच्या धाग्यांची. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गिरणगावही असेच वेगवेगळ्या मुलखांतल्या माणसांनी वसवले होते.

१०/
लीगच्या नियमांनी खेळाला गती दिली. एका चढाईला ३० सेकंद. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवायचा, नाहीतर बाद व्हायचे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली, तर बचावाला दोन गुण. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. ‘वेळ काढणे’ हे जुन्या कबड्डीतले हत्यार यामुळे बोथट झाले. आघाडी घेतलेल्या संघालाही आता चढाई करावीच लागे.

११/
या चौकटीत ४५-३१ या आकड्यांचा अर्थ उलगडतो. प्रतिस्पर्ध्याचे सातही गडी बाद केले की ‘लोण’ चढतो आणि दोन जादा गुण मिळतात. शिवाय समोरचा संघ विस्कळीत झालेला असतो. चाळीस मिनिटांत चौदा गुणांचे अंतर पडते, तेव्हा एका संघाच्या चढाया आणि पकडी दोन्ही चाललेल्या असतात. गुणतक्त्याच्या दृष्टीनेही फरक होता : विजयाला पाच, बरोबरीला तीन, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास एक गुण. त्या रात्री जयपूरला तोही मिळाला नाही.

१२/
सलामीचा खरा धक्का क्रीडागृहाबाहेर जाणवला. पहिल्या हंगामाची एकूण प्रेक्षकसंख्या ४३ कोटी ५० लाख इतकी नोंदवली गेली. त्या वर्षी आयपीएलची संख्या ५५ कोटी २० लाख होती. बारवांमुळे इतिहासप्रेमींच्या परिचयाचे असलेले परभणी जिल्ह्यातील वालूर आणि मुंबईतील वरळी यांच्यात अख्खा महाराष्ट्र पसरलेला आहे. पण चढाई, पकड, लोण हे शब्द दोन्हीकडे सारखेच. क्रिकेट समजावून सांगावे लागले असेल. कबड्डी समजावून सांगण्याची गरज गावांना नव्हती. पडद्यावर त्यांचाच खेळ नव्या कपड्यांत अवतरला होता.

१३/
यू मुंबाने सलामीचा जोम टिकवला. साखळीतील चौदा सामन्यांनंतर संघ उपांत्य फेरीत पोहोचला आणि तेथे बंगळुरू बुल्सला २७-२३ असे नमवले. हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान अनुप कुमारला मिळाला. दुसऱ्या बाजूने जयपूरने पाटण्याला ३३-१८ असे सहज मागे टाकले. आता अंतिम सामना, घरचे मैदान, घरचा प्रेक्षक आणि समोर सलामीलाच हरवलेला प्रतिस्पर्धी. यू मुंबाला याहून अनुकूल योग कोणता असणार?

१४/
तरीही जयपूर अकरा गुणांनी जिंकले. हंगाम फिरता होता : सगळे संघ एका शहरात काही दिवस खेळून पुढच्या शहरी जात. पाच आठवड्यांत प्रत्येक संघाने इतरांशी दोन-दोन वेळा दोन हात केले. कोणाची चढाई कोणत्या बाजूने येते, कोणाचा हात घोट्याकडे जातो, हे सर्वांना पाठ झाले होते. नवनीत गौतमच्या नेतृत्वाखाली खेळणाऱ्या जयपूरकडे मनिंदर सिंग आणि जसवीर सिंगसारखे चढाईपटू होते. पहिल्या रात्री हरलेला संघ महिनाभरात घडला. तो सामना ८ कोटी ६४ लाख लोकांनी पाहिल्याची नोंद आहे.

१५/
१८ जुलै २०१५. दुसरा हंगाम, पुन्हा मुंबई, पुन्हा तीच सलामी. या वेळी यू मुंबा २९-२८ अशी जेमतेम एका गुणाने जिंकली. आदल्या वर्षीच्या चौदा गुणांपुढे हा विजय किरकोळ वाटावा असा. पण संघाने साखळीतील १४ पैकी १२ सामने जिंकले, उपांत्य फेरीत पाटण्याला ३५-१८ असे चिरडले आणि २३ ऑगस्टला अंतिम सामन्यात बंगळुरूला ३६-३० असे हरवून करंडक उचलला. जयपूर उपांत्य फेरीतही नव्हते. मोठ्या विजयाने सुरू झालेला हंगाम पराभवात संपला होता. निसटत्या विजयाने सुरू झालेला विजेतेपदात.

१६/
५ मार्च २०१६ रोजी सलग तिसरा अंतिम सामना यू मुंबा पाटण्याकडून ३१-२८ असा हरली. त्यानंतर छिल्लर-नाडा जोडी बंगळुरूला गेली आणि चौथ्या हंगामात उपांत्य फेरीचे दारही उघडले नाही. अनुप कुमारही पुढे संघातून बाहेर पडला. डिसेंबर २०१८ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्याच्या अंगावर जयपूरचा गणवेश होता. ज्यांच्याविरुद्ध त्याची लीग सुरू झाली, त्यांच्याच बाजूने ती संपली.

१७/
महाराष्ट्राच्या दुसऱ्या संघाची कहाणी याच्या उलट आहे. पुणेरी पलटण पहिले दोन्ही हंगाम तळाशी, आठव्या स्थानी होती. १७ डिसेंबर २०२२ रोजी ती प्रथमच अंतिम सामन्यात उतरली. स्थळ वरळीचेच, आणि प्रतिस्पर्धी जयपूरच. निकालही जुनाच : जयपूर ३३, पुणे २९. पण पुढच्याच हंगामात पलटणने साखळीतील २२ पैकी १७ सामने जिंकले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले. कर्णधार होता अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. तळापासून शिखरापर्यंत जायला दहा हंगाम लागले.

१८/
दमदार सुरुवातीने माणसाचे आयुष्य कसे पालटते, याचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. पदार्पणाच्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. पाच वर्षांपूर्वी देशातील सर्वांत महागड्या कबड्डीपटूला जे मिळाले होते, त्याच्या अकरा पटींहून ही रक्कम अधिक होती.

१९/
याच इतिहासात एक अधुरे पान आहे. २०१६ मध्ये महिलांसाठी तीन संघांची स्पर्धा झाली : फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. आइस दिवाजची कर्णधार मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती. तिला अर्जुन पुरस्काराने गौरवले गेले आहे. ३१ जुलैला अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला अवघ्या एका गुणाने, २४-२३ असे हरवले. याहून चुरशीची सुरुवात कोणती? पण त्या स्पर्धेचा दुसरा हंगाम झालाच नाही. पुरुषांच्या लीगला सलामीनंतर पैसा, वेळ आणि प्रक्षेपण मिळत राहिले. महिलांच्या वाट्याला फक्त सलामी आली.

२०/
म्हणून २६ जुलै २०१४ चा गुणफलक वाचताना त्याच्या दोन्ही बाजूंना पाहावे लागते. मागे बडोद्याचे नियम, अमरावतीचे पथक, गिरणगावची माती आणि बुवा साळवींची संघटना आहे. त्यांच्यामुळेच ती रात्र शक्य झाली. पुढे चौदा-चौदा सामन्यांची साखळी, बदलते संघ आणि शिकणारे प्रतिस्पर्धी आहेत. जयपूरला एक महिना मिळाला आणि ते विजेते झाले. पुण्याला दहा हंगाम मिळाले आणि तेही झाले. अभिलाषा म्हात्रे आणि तिच्या सहकाऱ्यांना तो अवधी कोणी दिला नाही. कबड्डीच्या पुढच्या इतिहासकाराला त्या रिकाम्या जागेचाही हिशेब मांडावा लागेल.