शहाजी (नाव)

शहाजी हे मराठी पुरुषनाम आहे. 'शाह' (राजा) हा फारसी शब्द आणि 'जी' हा आदरार्थी प्रत्यय यांपासून ते बनले आहे. शाहजी, शहाजीराजे, तसेच संस्कृत ग्रंथांतील शाहराज ही त्याचीच रूपे होत.

== नावाचा उगम ==
मालोजी भोसले यांना बराच काळ अपत्य नव्हते. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) पीर शाह शरीफ यांच्या कृपेने पुत्र झाले, म्हणून थोरल्याचे नाव शहाजी आणि धाकट्याचे शरीफजी ठेवले, अशी परंपरा आहे. शिवकाळातील परमानंदकृत 'शिवभारत' या काव्यातही शाह शरीफांच्या आशीर्वादाचा उल्लेख येतो. ही कथा नवसाच्या नेहमीच्या साच्यातली असली, तरी दोन्ही भावांच्या नावांत एकाच पीराचे नाव विभागून आलेले आहे, हा तिचा सर्वांत बळकट आधार. खंडोबाच्या नवसाने झालेला खंडोजी, तसाच पीराच्या नवसाचा पिराजी किंवा शहाजी. त्या काळच्या मराठा घराण्यांना यात काही वावगे वाटत नसे. सुलतानजी, हैबतराव ही नावेही त्याच वळणाची आहेत.

शिवाजी महाराजांच्या संस्कृत राजमुद्रेत त्यांचा निर्देश 'शाहसूनु', म्हणजे शाहाचा पुत्र, असा आहे. फारसी नाव येथे संस्कृत समासात सहज सामावले आहे.

शाहू हे नाव मात्र याचेच लघुरूप समजू नये. संभाजीपुत्र शिवाजी यांना ते औरंगजेबाच्या छावणीत मिळाले व त्याचा संबंध 'साव' या शब्दाशी आहे, असे परंपरा सांगते.

== धारक ==
शहाजी भोसले (मृत्यू १६६४, होदिगेरे, कर्नाटक) : निजामशाही व आदिलशाहीतील सरदार, पुणे परगण्याचे जहागीरदार. १६४८ मध्ये आदिलशाहीने त्यांना कैद केले. १६४९ मधील त्यांच्या सुटकेसाठी शिवाजी महाराजांना खडकवासल्याजवळचा कोंढाणा (सिंहगड) सोडून द्यावा लागला.

शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत पडले. त्यांचे नाव पुढे घराण्यात फारसे रुजले नाही. शहाजी हे मात्र आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीने टिकले.

शहाजी, तंजावर (कारकीर्द १६८४–१७१२) : एकोजींचे पुत्र, पहिल्या शहाजींचे नातू. तेलुगू व मराठी नाट्यरचनांचे कर्ते. विद्वानांना त्यांनी दिलेले तिरुविसनल्लूर हे गाव शहाजीराजपुरम म्हणून ओळखले गेले.

शहाजी उर्फ बावासाहेब, कोल्हापूर : निधन १८३८.

शहाजी उर्फ आप्पासाहेब, सातारा (१८३९–१८४८) : बंधू प्रतापसिंहांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर गादीवर आले. औरस पुत्र नसल्याने मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला. डलहौसीने तो नामंजूर करून सातारा खालसा केले.

शहाजी, कोल्हापूर : देवासच्या पवार घराण्यातून १९४७ मध्ये दत्तक आले. त्यांच्या काळात, १९४९ मध्ये, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.