अस्सल घोडा आणि कमअस्सल माणूस

घोड्याच्या रक्ताची चर्चा परिवर्तनवादी नियतकालिकात कशाला, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. ‘घोड्यालाही जात असते, मग माणसाला का नसावी?’ हा युक्तिवाद आपण सर्वांनीच ऐकलेला आहे आणि त्यासाठी अरबी घोड्याचे उदाहरण मोठ्या अभिमानाने पुढे केले जाते. तेव्हा या घोड्याची ‘जात’ म्हणजे नेमके काय होते, ती कोणी व कशाच्या आधारे ठरवली, हे एकदा इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे.

अरबस्तानातील भटक्या बदू टोळ्या आपल्या घोड्यांचे वर्गीकरण ‘रसन’ या शब्दाने करीत. रसन म्हणजे दावे, घोडा बांधण्याची दोरी. कुहैलान, सकलावी, अबय्यान, हमदानी आणि हदबान हे पाच रसन प्रमुख मानले गेले. पैगंबरांच्या पाच आज्ञाधारक घोड्यांपासून हे पाच वंश निघाले अशी कथा सांगतात. ती लोककथा आहे, इतिहास नव्हे. पाचांच्या याद्यासुद्धा सर्वत्र सारख्या नाहीत. प्रत्येक रसनाच्या अनेक पोटशाखा होत्या आणि त्यांना बहुधा घोडी बाळगणाऱ्या माणसाचे वा घराण्याचे नाव असे.

रसन आईकडून ठरे. सकलावी घोडीचे शिंगरू सकलावीच. बाप कोणत्याही रसनाचा चाले, फक्त तो ‘असील’, म्हणजे शुद्ध मानलेला असला पाहिजे. आता हिशेब करून पाहा. सकलावी घोडीच्या लेकीबाळींना दहा पिढ्या कुहैलान नर दाखवले, तरी दहाव्या पिढीचे शिंगरू सकलावीच म्हणवले जाईल. पण मूळ सकलावी घोडीच्या रक्ताचा त्याच्यातील वाटा सरासरीने हजारातला एकही भरणार नाही. मग हे नाव कशाचे होते?

ते साक्षीचे नाव होते. घोडी म्हणजे टोळीचे युद्धातील भांडवल. ती सहसा सरसकट विकली जात नसे. तिच्यात हिस्से असत, होणाऱ्या शिंगरांवर पहिल्या मालकाचा हक्क राही. म्हणून कोणती घोडी कोणाच्या घोडीची लेक, ती कोणाच्या तंबूतून कोणाकडे गेली, हे शपथेवर सांगता येणे आवश्यक होते. शहरातील गिऱ्हाइकासाठी याची लेखी ग्वाही दिली जाई. तिला ‘हुज्जा’ म्हणत. आपल्या मराठीतील ‘हुज्जत’ याच शब्दातून आलेली आहे. निरक्षर समाजाने पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली ही स्मृती आदरास पात्र आहे. पण ती मालकीची व नात्यांची स्मृती होती. गुणांचा तो दाखला नव्हता.

हा दाखला पुढे दुसऱ्यांनी बनवला. 1848 ते 1854 या काळात इजिप्तवर राज्य करणाऱ्या अब्बास पाशाने टोळ्याटोळ्यांत माणसे पाठवून या साक्षी लिहून घेतल्या. 1878 मध्ये लेडी ॲन ब्लंट आणि विल्फ्रिड ब्लंट या दांपत्याने इंग्लंडात क्रॅबेट पार्क येथे अरबी घोड्यांची पैदास सुरू केली. 1906 मध्ये होमर डेव्हनपोर्टने वाळवंटातून 27 घोडे अमेरिकेला नेले. घोडे गेले, कागद गेले. साक्ष देणारा समाज मात्र मागेच राहिला. विसाव्या शतकात कार्ल रासवान या जर्मन लेखकाने तर प्रत्येक रसनाला स्वभावच देऊन टाकला: कुहैलान बळकट व मर्दानी, सकलावी नाजूक व स्त्रीसुलभ, मुनीकी वेगवान. नावाला गुण चिकटवण्याची ही पद्धत आपल्या परिचयाची नाही काय? चातुर्वर्ण्याने वेगळे काय केले?

विज्ञानाने या दाव्याची तपासणी केली आहे. पेशीतील मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. रसनही आईकडूनच चालतो. म्हणजे एका रसनाची घोडी एका मूळ आईची लेक असेल, तर हा डीएनए जुळला पाहिजे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच रसनाच्या घोड्यांत वेगवेगळे मातृवंश आढळले. नाव एक आणि आया अनेक!

शुद्धतेची अधिकृत व्याख्याही पाहण्यासारखी आहे. 1970 नंतर स्थापन झालेल्या जागतिक अरबी अश्व संघटनेच्या मते शुद्ध अरबी घोडा म्हणजे संघटनेने मान्य केलेल्या वंशनोंदवहीत ज्याची नोंद आहे तो. शुद्ध आहे म्हणून नोंद नव्हे. नोंद आहे म्हणून शुद्ध! व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. पण मग शुद्धता रक्तात नसून वहीत आहे, हे मान्य केले पाहिजे. आणि वही ज्याच्या हाती, शुद्धता त्याच्या हाती.

बंद कुंपणाची किंमतही मोजावी लागते. अरबी शिंगरांना जन्मतः रोगप्रतिकारशक्तीच नसण्याचा एक आनुवंशिक आजार 1973 साली शास्त्रीय वाङ्मयात नोंदला गेला. अशी शिंगरे साधारणतः पाच महिन्यांच्या आत दगावतात. 1997 मध्ये त्यामागचा जनुकीय दोष सापडला. दोष कुंपणाने निर्माण केला नाही. पण त्याच त्या रक्तात संबंध होत राहिले की दोन दोषवाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. उपाय सापडला तो रक्त तपासून, वंशावळीचा जप करून नव्हे.

आता या कथेतील माणसे पाहू. ‘असील’ हा शब्द वाळवंटात घोड्यापुरता नव्हता. टोळ्याही असील असत आणि बिन-असील असत. शिकार, हस्तकला व जनावरांची चिकित्सा यांवर जगणारे सुलुब्बा आणि टोळीसोबत राहणारे लोहार यांच्याशी असील टोळ्या बेटीव्यवहार करीत नसत. असील घोडीला नाल ठोकणारा हात मात्र बिन-असील! घोड्याचे नाव आईवरून, टोळीचे नाव बापावरून. रक्तालाच बोलता येत असते, तर त्याने दोन ठिकाणी दोन नियम सांगितले नसते.

याच मुळातला अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि ‘अस्सल’ झाला. एकोणिसाव्या शतकात बसरा व कुवेतहून जहाजांनी अरबी घोडेही मुंबईच्या बाजारात उतरत होते. अस्सल कागद आणि नक्कल, हा त्या शब्दाचा निरुपद्रवी अर्थ. पण आपल्या समाजाने त्यातून ‘कमअस्सल’ ही शिवीही घडवली आणि ती कोणाला दिली हे सांगण्याची गरज नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या निबंधात दाखवून दिले की जात ही वंशाची विभागणी नाही. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच आहेत. जातीला पशुपैदाशीच्या शास्त्राचा आधार शोधणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे होते. आज अरबी घोडाही त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला तयार नाही.

तरीही 2018 च्या मार्च महिन्यात गुजरातेत भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा बाळगतो व त्यावर बसतो हे गावातील वरच्या जातीच्या लोकांना खुपत होते, असे त्याच्या वडिलांनी सांगितले. आजही दलित नवरदेवाची वरात घोड्यावरून जाताना अनेक ठिकाणी पोलिसांचा बंदोबस्त लागतो. पाठीवर कोणत्या जातीचा माणूस बसला आहे, हे घोड्याला कळत नाही. ते वहीवाल्यांनाच कळते. म्हणून आपला झगडा त्या वहीशी आहे. तिच्यात वरच्या रकान्यात आपले नाव चढवून घेण्याने तो संपणार नाही. ती वहीच रद्द करावी लागेल.