वाकलेल्या दांडीची कहाणी

तंतुवाद्य मुके होते ते नेहमी तार तुटल्यानेच असे नाही. पुष्कळदा त्याची दांडीच पुढे झुकते. मग तारा पडद्यांपासून उंच उठतात, बोटांना दाबवेनाशा होतात आणि सूर ढळू लागतात. गिटार व मँडोलिन यांच्या इतिहासात या दुखण्यावरील उपायाचा शोध हा एक महत्त्वाचा अध्याय आहे.

पूर्वी गिटारला आतड्याची तात असे; तिचा ताण सौम्य. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या आवाजाच्या ओढीने पोलादी तारा रूढ झाल्या. अशा सहा तारांचा मिळून सुमारे ७० ते ८० किलोंचा ताण वाद्यावर अहोरात्र पडतो. लाकूड त्याला हळूहळू शरण जाते; हवेतील उष्मा व दमटपणा त्यात भर घालतात. कारागीर मग दांडी तापवून, उलट्या दिशेने आवळून ठेवीत. किंवा पडदे उपटून पट्टी तासून सपाट करीत. हे काम कष्टाचे होते आणि ताण कायम असल्याने बाक परतण्याचे भय राहतच असे.

अमेरिकेतील कॅलामाझू येथील गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२१ साली एका युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९२३ साली ते मंजूर झाले. दांडीच्या पोटात खाच कोरून पोलादी सळई बसवायची व तिच्या टोकाला नट ठेवायचा. नट आवळला की दांडी तारांच्या ओढीविरुद्ध मागे येते, सैल केला की पुढे झुकते. वाद्य न उघडता दुरुस्ती शक्य झाली.

पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ गावची मार्टिन कंपनी मात्र आपल्या वाटेनेच गेली. तिने १९३४ पासून दांडीत न फिरणारी पोलादी पट्टी घातली. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई आली तेव्हा तिची जागा आबनुसी लाकडाने घेतली. फिरवता येणारी सळई तिने १९८५ मध्ये स्वीकारली.

वाचकहो, या इतिहासाचा एक बोध व्यवहाराचाही आहे. दांडी अगदी सरळ करणे हे ध्येय नव्हे. कंप पावणाऱ्या तारेला जागा हवी, म्हणून किंचित बाक राखावाच लागतो. नट एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि मग लाकडाला सावरण्यास अवधी द्यावा. पावसाळ्यानंतर गायनवृंदाची जुनी गिटार निकामी ठरवण्यापूर्वी तिची दांडी एकदा जाणकाराला दाखवावी. आवाज बहुधा अजून तिच्यातच असतो.